अंटार्क्टिका विकणाऱ्या टूर कंपन्यांना : आधी जहाज सांगा, मेनू मग

महाराष्ट्रातल्या तमाम टूर कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि हॉलमध्ये माइक घेऊन स्लाइड शो करणारे हसतमुख टूर लीडर, सगळ्यांना सोलापूरहून नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की अलीकडं तुम्हाला सोलापूर सापडलंय. पूर्वी असले कार्यक्रम पुण्या-मुंबईतच व्हायचे, आम्ही पेपरात जाहिरात बघून गप्प बसायचो, आता तुम्हीच इकडं येता, एसी हॉल घेता, चहा-बिस्किटं देता आणि समोर बसलेल्या रिटायर डॉक्टरांना, टॉवेलच्या कारखानदारांना, वकिलांना आणि माझ्यासारख्या बँकेतून निवृत्त झालेल्या बायकांना सातवा खंड विकता. त्यात काही गैर नाही. मे महिन्यात ४४ डिग्रीत भाजून निघणारी माणसं आम्ही, पडद्यावर बर्फ दाखवला की अर्धा सौदा तिथंच होतो, हे तुम्हाला बरोबर कळलंय.

मी स्वतः जाऊन आलेय. छोट्या जहाजातून. आणि मला ते इतकं आवडलं की अजून कुणी विषय काढला तर मी तासभर सोडत नाही, सिद्धेश्वर तलावाजवळ सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपला विचारा. त्यामुळं हे पत्र "जाऊ नका" म्हणणाऱ्या बाईचं नाही हे आधी लक्षात घ्या. अडचण अशी आहे की तुमचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी लोक ते गुळगुळीत ब्रोशर घेऊन माझ्याकडं येतात आणि विचारतात, ताई, जाऊ का? आणि मी ते ब्रोशर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. त्यात नाश्त्याला पोहे-उपमा मिळणार हे असतं, गाला डिनर असतं, एका संध्याकाळी मराठी गाण्यांची मैफल असते, जैन जेवणाची सोय असते, बर्फावर तिरंग्यासोबत ग्रुप फोटो असतो. जहाजाचं नाव नसतं. प्रवासी किती ते नसतं. पाऊल किती वेळा टाकायला मिळणार ते तर नसतंच नसतं. "आलिशान क्रूझ" एवढंच असतं.

आता तुम्हाला हे माहिती नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला नक्की माहिती आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. तिकडं जाणाऱ्या बहुतेक सगळ्या कंपन्या आयाटो नावाच्या संघटनेच्या मेंबर आहेत, १९९१ साली सात कंपन्यांनी मिळून ती काढली, आणि तिचा साधा नियम आहे की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातल्या माणसांना अंटार्क्टिकावर उतरवायचंच नाही. अजिबात नाही. डेकवर उभं राहायचं, लांबून बघायचं, परत यायचं. ५०० च्या आतलं जहाज असेल तर उतरता येतं, पण एका जागी एका वेळी शंभरच माणसं, आणि दर वीस माणसांमागं किमान एक गाइड, आणि एका जागी एका वेळी एकच जहाज. आता तुम्हीच हिशोब करा, तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला येतो. दीडशे माणसांचं जहाज असेल तर शंभर जण बर्फावर आणि उरलेले तेवढा वेळ रबरी बोटीतून हिमनगांमध्ये फिरताहेत, मग अदलाबदल, सगळ्यांचं पोट भरतं. साडेचारशेचं जहाज असेल तर तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही लाउंजमध्ये कॉफी पिताय आणि तासाभरात परत बोलावणं येतंय, शिवाय काही जागा अशा आहेत की २०० पेक्षा मोठ्या जहाजाला तिथं प्रवेशच नाही. आणि दोन हजार माणसांचं जहाज असेल तर प्रश्नच मिटला.

२०२३-२४ च्या सीझनला १ लाख २० हजारांहून जास्त पर्यटक तिकडं गेले, त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी पाय न ठेवता फक्त जहाजावरून बघितलं. त्यात माझी काही तक्रार नाही, ज्याला गुडघ्याचा त्रास आहे, ज्याला थंडीत ओलं व्हायचं नाही, त्याच्यासाठी मोठं जहाज चांगलंच आहे, हलतं पण कमी आणि पैसे पण कमी लागतात. पण त्या माणसाला ते आधी कळायला नको का? आयुष्यभराची पुंजी मोडून, पीएफच्या पैशातून दहा-पंधरा लाख घालून जाणारा माणूस तिकडं पोचल्यावर त्याला कळणार की उतरायचं नाही? आमच्या ओळखीत एका जोडप्याचं नेमकं असंच झालं, कंपनी कुठली ते सांगत नाही, त्यांनी पण भांडण केलं नाही, सोलापूरची माणसं आहेत, परत आल्यावर फोटो दाखवले, छान होतं म्हणाले, आणि मग बोलता बोलता बाई म्हणाल्या की आम्ही उतरलो नाही ओ, त्या जहाजाला परमिशन नव्हती. "परमिशन नव्हती" असं त्यांना सांगितलं गेलं होतं, जणू काही त्या दिवशी साहेब रजेवर होता.

म्हणून पहिलं म्हणणं हेच. जहाजाचं नाव, प्रवासी संख्या, आणि वेळापत्रकात किती उतरणी धरल्यात, हे पहिल्या पानावर छापा. पोहे-उपमा तिसऱ्या पानावर चालेल. आम्ही सोलापूरची माणसं शेंगा चटणी घेतल्याशिवाय कुठं जात नाही, तेव्हा उपाशी मरणार नाही आम्ही (आणि हो, ते पण सांगत चला की चिलीमार्गे जाणार असू तर तिथल्या कस्टमला खाण्याच्या वस्तू डिक्लेअर कराव्या लागतात, ते लोक फार कडक आहेत, आणि कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी बर्फावर उतरताना खाण्याचा एक दाणासुद्धा सोबत न्यायला परवानगी नसते).

दुसरं, पेंग्विनचे फोटो. ह्यावर मात्र मला मनापासून राग येतो. तुमच्या ब्रोशरवर हमखास राखाडी मऊ पिल्लू आणि त्याच्या शेजारी पिवळ्या गळ्याचा उंच ऐटदार एम्परर पेंग्विन असतो. बाबांनो, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघणाऱ्या नेहमीच्या दहा-बारा दिवसांच्या ट्रिपमध्ये एम्परर दिसत नाही. चुकून एखादा बर्फाच्या लादीवर दिसला तर गाइड लोकच नाचायला लागतात. त्यांची वसाहत समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर भर हिवाळ्यात असते, तेव्हा पर्यटकांचं जहाज तिकडं फिरकत नाही, आणि वेडेल समुद्रातल्या स्नो हिल बेटावरची वसाहत बघायची तर बर्फ फोडणारं जहाज आणि हेलिकॉप्टर लागतं, त्याचा खर्च तुमच्या पॅकेजच्या किती तरी पुढं जातो. काही ब्रोशरवर तर किंग पेंग्विनचे हजारोंचे थवे असतात, ते साउथ जॉर्जिया बेटावरचे, तिकडं जायचं तर ट्रिप वीस दिवसांच्या आसपास जाते.

आणि वाईट ह्याचं वाटतं की जे खरोखर दिसतं ते काय कमी आहे का? जेंटू आहेत, नारिंगी चोच आणि डोक्यावर पांढरा पट्टा, खडे चोरण्यात एकदम पटाईत, शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा उचलून आपल्या घरट्यात, आणि शेजारी तोवर तिसऱ्याकडं गेलेला. चिनस्ट्रॅप आहेत, हनुवटीखाली बारीक काळी रेघ. अडेली आहेत, डोळ्याभोवती पांढरं कडं, त्यामुळं कायम दचकल्यासारखे दिसतात. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत पिल्लं बाहेर येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक व्हेल भरपूर, कारण तोवर ते क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन खाऊन सुस्तावलेले असतात आणि बोटीच्या अगदी जवळ येतात. नोव्हेंबरमध्ये गेलं तर बर्फ स्वच्छ, पण पिल्लं नाहीत. महिना बदलला की सगळं बदलतं, हे तुमच्या सेल्सवाल्या मुलांना विचारलं तर ते म्हणतात मॅडम ऑल सीझन सेम आहे. सेम नाही हो!

आणि वास. वासाबद्दल एकही टूर कंपनी बोलत नाही. क्रिल खाल्ल्यामुळं पेंग्विनची विष्ठा गुलाबी असते आणि सगळी वसाहत त्यानं माखलेली असते, वारा आपल्या बाजूनं असला तर बेट दिसायच्या आधी नाकाला कळतं. घरी आल्यावर जॅकेट चार वेळा धुवावं लागतं. हे सांगितलं म्हणून कुणी बुकिंग रद्द करणार नाही, उलट लोक हसतील.

आता ड्रेक पॅसेज. ह्याबद्दल तुम्ही एक वाक्य बोलता, "थोडा रफ असतो". दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामध्ये साधारण आठशे किलोमीटरचा हा पट्टा. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठंच जमीन आडवी येत नाही, त्यामुळं पश्चिमेकडून येणारा वारा आणि समुद्राचा प्रवाह गोल गोल फिरत राहतो, आणि मग ह्या चिंचोळ्या जागेतून एकदम निघतो. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. नशीब असेल तर पाणी शांत, त्याला ते लोक ड्रेक लेक म्हणतात, नाहीतर ड्रेक शेक. आम्हाला जाताना लेक आणि येताना शेक मिळाला. गड्ड्याच्या यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसवून कुणीतरी घरी निघून गेलंय आणि बंद करायला माणूसच नाही, तसं. डायनिंग हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या, जिन्याच्या कठड्यांना उलटीच्या पिशव्या खोचून ठेवलेल्या, आणि "एक हात जहाजाला" हा नियम, म्हणजे चालताना एक हात कायम कशाला तरी धरलेला पाहिजे. साठीच्या पुढच्या माणसाचं हाड मोडायला हेच दोन दिवस पुरतात. तेव्हा अ‍ॅव्होमिनची पट्टी पर्समध्ये टाका एवढं सांगून भागत नाही, आपल्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांबरोबर ते चालतं का हे डॉक्टरला विचारून या, असं सांगा. ज्यांना हे झेपणारच नाही त्यांच्यासाठी चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानानं किंग जॉर्ज बेटावर जायचा रस्ता आहे, दोनेक तासात पोचतं, पैसे जास्त, आणि हवा खराब असली की विमान उडतच नाही, मग हॉटेलात बसून राहायचं. दोन्ही पर्याय समोर ठेवा की. माणूस आपलं आपण ठरवेल.

पण ड्रेकच्या बाजूनं पण एक सांगते. दुसऱ्या दिवशी कधीतरी पाण्याचं तापमान एकदम तीन-चार डिग्रीनं उतरतं, धुकं येतं, उत्तरेकडचं कोमट पाणी आणि दक्षिणेकडचं थंड पाणी जिथं भेटतं ती ही रेषा असते, आणि जहाजामागं अल्बट्रॉस पक्षी येतात, पंख न हलवता तासन् तास. मी त्या वेळी डेकवर होते, मफलर, स्वेटर आणि वरून चक्क सोलापुरी चादर गुंडाळून, एक जर्मन आजोबा माझ्याकडं बघून हसले आणि मग हात लावून कापड बघितलं आणि कुठं मिळते विचारलं. विमानानं गेलं तर हे काही दिसत नाही.

उतरायचं कसं असतं ते पण तुमच्या स्लाइडमध्ये कधी नसतं. झोडियाक म्हणजे मोटर लावलेली रबरी बोट, दहा-बारा माणसं कडेच्या फुगवलेल्या नळीवर बसतात, धरायला एक दोरी. जहाजाच्या कडेच्या जिन्यावरून खाली उतरायचं, खलाशाचा हात मनगटाला धरायचा (बोटं नाही, मनगटाला मनगट), बोट वर आली की पाय टाकायचा. किनाऱ्याला बहुतेक वेळा धक्का नसतो, पाण्यातच पाय टाकून उतरायचं, गमबूट जहाजावर मिळतात, आणि बहुतेक छोटी जहाजं जाड पार्का जॅकेट देतात, तेव्हा सोलापुरात कुठं मिळतंय म्हणून नवी पेठ पालथी घालायची गरज नाही. वर चढताना बर्फात गुडघ्यापर्यंत पाय जातो. आणि हे नीट ऐका, कारण हॉलमध्ये बसलेल्या अर्ध्या लोकांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि कुणी विचारत नाही : खाली टॉयलेट नसतं. झाडाआड जायला झाडच नाही, आणि असतं तरी परवानगी नाही. दोन तास थांबवत नसेल तर गाइडला सांगायचं आणि बोटीतून जहाजावर परत. प्रोस्टेटवाल्या काकांना आणि लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या आजींना हे आधी माहिती पाहिजे, त्यांनी सकाळची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवलं पाहिजे.

आजारी पडलं तर काय? जहाजावर एक डॉक्टर आणि एक छोटा दवाखाना असतो. हार्ट अटॅक आला, खुबा मोडला, तर जवळचं मोठं हॉस्पिटल उशुआया नाहीतर पुंता अरेनास, म्हणजे ड्रेकच्या पलीकडं, किंवा किंग जॉर्ज बेटावर विमान उतरू शकलं तर. ते हवेवर अवलंबून. म्हणून जहाज कंपन्या इमर्जन्सीत बाहेर काढण्याचा इन्शुरन्स सक्तीचा करतात, आणि तो आपला नेहमीचा परदेश प्रवासाचा स्वस्तातला इन्शुरन्स नाही, त्यात बऱ्याच वेळा अंटार्क्टिका धरलेलंच नसतं, बारीक अक्षरात वाचा. माझी बँकेतली सगळी वर्षं लोकांना बारीक अक्षरं वाचून दाखवण्यात गेली त्यामुळं सवय आहे, पण सगळ्यांना नसते. तुम्ही मेडिकल फॉर्म भरून घेताना "अहो नुसती फॉर्मॅलिटी आहे, सगळीकडं नो लिहा" असं सांगता, हे मी माझ्या कानानं ऐकलंय. कृपा करून असं सांगू नका. बायपास झालेल्या माणसानं "नो" लिहिलं तर क्लेम पण नो होतो.

जहाज छोटं म्हणजे आपोआप चांगलं असंही मी म्हणत नाही. ह्या सगळ्या प्रकाराची सुरुवात करणारे लार्स-एरिक लिंडब्लाड, त्यांनी १९६६ मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि मग १९६९ मध्ये खास ह्या कामासाठी लिंडब्लाड एक्सप्लोरर (पुढं नुसतं एक्सप्लोरर) नावाचं छोटं लाल जहाज बांधून घेतलं. तेच जहाज २३ नोव्हेंबर २००७ ला साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला लागून बुडालं. १५४ माणसं होती, लाइफबोटीत तासन् तास बसली, दुसरं प्रवासी जहाज जवळ होतं म्हणून सगळी वाचली. त्यानंतर नियम कडक झाले, २०११ पासून तिकडं जड इंधन तेल न्यायला बंदी आली, २०१७ पासून ध्रुवीय समुद्रात चालणाऱ्या जहाजांसाठी पोलर कोड लागू झाला. तर तुमच्या माणसाला जहाजाचा आइस क्लास, म्हणजे बर्फात चालायचा दर्जा, काय असं विचारलं तर त्यानं "मॅडम, सगळ्या केबिन सी-फेसिंग आहेत" असं उत्तर देऊ नये एवढीच अपेक्षा.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकांबद्दल, कारण ह्यात आम्ही पण काही कमी नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, फर सीलपासून पंधरा. पेंग्विन आपणहून जवळ आला तर त्याला रस्ता द्यायचा. बर्फात त्यांच्या ये-जा करून पडलेल्या पायवाटा असतात, त्यात पाय घालायचा नाही, आणि आपल्या बुटानं खोल खड्डा पडला तर बुजवून पुढं जायचं, कारण पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. बर्ड फ्लू आल्यापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. उतरायच्या आधी कपड्यांचे व्हेल्क्रो, खिसे व्हॅक्यूमनं साफ करून घेतात, गवताचं एक कुसळ सापडलं तरी चिमट्यानं काढतात. हौशी लोकांना ड्रोन उडवायला बंदी आहे. आणि तुमचा ग्रुप फोटो? तो झेंडा धरून "एक-दोन-तीन" करत ओरडायचा? तुमचे टूर लीडर घसा फाडून "भारत माता की" म्हणतात तेव्हा घरट्यावर बसलेला पक्षी उठतो, आणि तो उठला की वर घिरट्या घालणारा स्कुआ नावाचा शिकारी पक्षी अंडं उचलून नेतो. देशप्रेम जहाजावर करा, डेक मोठा असतो.

हे सोलापूरकरांना सांगायला खरं तर अवघड नाही. नान्नजच्या माळरानावर माळढोक बघायला आमचे वडील आम्हाला घेऊन जायचे तेव्हा लांब थांबायचं, बोलायचं नाही, भडक कपडे नकोत, हे लहानपणीच शिकवलेलं. आता तिथं एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. उजनीच्या पाणलोटात रोहित येतात तेव्हा बोटवाल्याला आणखी जवळ घे, आणखी जवळ घे म्हणून पैसे देणारे लोक मी बघितलेत. तेच लोक उद्या तुमच्या ग्रुपमधून अंटार्क्टिकातल्या लेमेर चॅनलला जाणार आहेत. तेव्हा एक तास खर्च करून इथं सोलापुरातच त्यांना नियम समजावून सांगा, जहाजावरचं ब्रीफिंग इंग्रजीत असतं, भराभर असतं, आणि आपली निम्मी मंडळी जेट लॅगनं पेंगत असतात.

आणि सगळे अंटार्क्टिकाच का विकता? उत्तरेला नॉर्वेच्या वरचं स्वालबार्ड आहे, लाँगयिअरब्येन ७८ अक्षांशावर, तिथून छोटी जहाजं निघतात, प्रवास निम्म्यानं कमी, ड्रेक नाही, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. अस्वल, वॉलरस, आणि आल्केफ्येलेटचा कडा, जिथं हजारो गिलेमॉट पक्षी कड्याच्या बोटभर धारेवर अंडी घालतात. तिथल्याच न्यू-ओलसुंदला आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, २००८ पासून, शाळेतल्या पोरांना घेऊन जाणाऱ्या आजी-आजोबांना ह्यापेक्षा चांगलं काय दाखवणार. फक्त तिथंही खरं सांगा. २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे, मार्च ते जून तर ५०० मीटर, म्हणजे मोबाइलमध्ये अस्वल म्हणजे एक पिवळट ठिपका येणार, दुर्बीण घ्या म्हणावं. आणि व्हिसा! स्वालबार्ड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) धरत नाहीत, ऑस्लोहून गेलं की आपण शेंगेनच्या बाहेर पडलो, परत येताना पुन्हा आत, म्हणजे डबल एन्ट्री लागते. सिंगल एन्ट्रीवर कुणाला पाठवू नका.

शेवटचा मुद्दा, जो तुम्हाला अजिबात आवडणार नाही. २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शास्त्रज्ञांनी जहाजांच्या आणि तिथल्या संशोधन तळांच्या काजळीचा थर बर्फावर बसून बर्फ किती लवकर वितळतं ते मोजलं, आणि दर पर्यटकामागं साधारण ८३ टन बर्फ जास्त वितळतं असा अंदाज काढला. त्यातले माझ्या वाटणीचे टन मी वितळवून आलेय, तेव्हा मी कुणाला उपदेश करायच्या जागेवर नाही. पण मे २०२४ मध्ये अंटार्क्टिक कराराच्या देशांची बैठक आपल्या कोचीत झाली, त्यात पर्यटनासाठी नियमांची चौकट बनवायचं काम सुरू झालं. आपला २०२२ चा अंटार्क्टिक कायदा पण आहे, परवानगीशिवाय तिकडं जाता येत नाही, करारातल्या दुसऱ्या देशाची परवानगी असेल तर चालतं. म्हणजे उद्या प्रश्न विचारले जाणार. तुमची जहाज कंपनी कुठल्या देशाच्या परवानगीनं जाते, आयाटोची मेंबर आहे का, हे आज आम्ही विचारलं तर "हेड ऑफिसला मेल करा मॅडम" असं ऐकायला मिळतं. मी मेल केला होता. उत्तर म्हणून मला थायलंडच्या टूरची ऑफर आली.

तर पुढच्या वेळी सोलापुरात कार्यक्रम ठेवाल तेव्हा एक करा. जहाजाचा डेक प्लॅन आणा, पडद्यावर लावा, त्या महिन्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही ते सांगा, इन्शुरन्सचा कागद दाखवा, आणि ब्युनॉस आयर्सला एक रात्र जास्तीची धरा, कारण आंतरराष्ट्रीय विमान बहुतेक वेळा एका विमानतळावर येतं आणि उशुआयाचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून सुटतं, बॅग राहिली तर जहाज थांबत नाही. एवढं सांगून जे बुकिंग करतील ते पक्के. मी पण येईन, पहिल्या रांगेत बसेन, प्रवासी किती हा प्रश्न मीच विचारणार आहे, तेव्हा आकडा तयार ठेवा. चहा-बिस्किटं नसली तरी चालतील.

कळावे,
बँकेतून निवृत्त झालेली एक सोलापूरकर